जुने ब्रिटिश ‘गावाकडचे’ भयपट: सुरुवात कुठून करायची आणि कोणती प्रत बघायची

‘द विकर मॅन’ने सुरुवात करू नका. जुन्या ब्रिटिश भयपटांची कुठलीही यादी उघडा, पहिल्या पाचांत तो असतोच. नवा माणूस तिथूनच सुरू करतो आणि अर्ध्या तासात ‘हा भयपट आहे की लोकगीतांचा कार्यक्रम?’ म्हणून बंद करून टाकतो. चित्रपट उत्तमच आहे, पण तो आधी बघायचा नसतो.

या प्रकारच्या चित्रपटांत भूत फार उशिरा येतं, कधीकधी येतच नाही. त्याआधी येतो तो ओसाड माळ, वाऱ्याने वाकलेली झाडं, आणि परक्या माणसाशी जरा जास्तच गोड बोलणारं गाव. त्या जागेकडे बघायची डोळ्यांना सवय लागली की मग हे चित्रपट सुटत नाहीत. मी बघायला लागलो तेव्हा क्रम सांगणारं कोणी नव्हतं. एकाच चित्रपटाची दोन-दोन नावं, कापलेल्या प्रती आणि न चालणाऱ्या डिस्क यांत बराच वेळ गेला. तुमचा जाऊ नये म्हणून हे सगळं टप्प्याटप्प्याने लिहितोय.

१. आधी हद्द आखून घ्या

ब्रिटिश भयपट हा मोठा प्रांत आहे. आपल्याला त्यातला एकच कोपरा घ्यायचाय: साधारण १९४० ते १९८० या काळातले असे चित्रपट, ज्यांतलं गाव, माळ, किनारा किंवा आडबाजूचा वाडा काढून घेतला तर गोष्टच उरणार नाही. लंडनच्या गल्ल्यांतले खुनी आणि ट्रान्सिल्व्हेनियाचे सरदार सध्या बाजूला ठेवा.

साचा जवळजवळ ठरलेला असतो. शहरातून कोणीतरी येतं: प्राध्यापक, पोलीस, गव्हर्नेस (घरी राहून मुलांना शिकवणारी बाई), नोकरी गेलेला कारकून. तो गावच्या पबमध्ये शिरतो आणि आतल्या गप्पा थांबतात. इथून पुढे नीट कळायचं असेल तर गावातली उतरंड माहीत हवी. स्क्वायर म्हणजे कोकणातल्या जुन्या खोतासारखा माणूस. अर्ध्या गावाची घरं आणि शेतं त्याचीच. व्हिकार म्हणजे तिथल्या चर्चचा धर्मगुरू. डॉक्टर हा बहुधा गावातला एकटा विज्ञानवादी, आणि कॉन्स्टेबल सायकलवरून फिरणारा. यांच्यात कोण कोणाला टरकून आहे हे पहिल्या वीस मिनिटांत हेरून ठेवा. पुढे फार कामाला येतं.

२. काय काय लागेल

- अंधारी खोली आणि जमेल तेवढा मोठा पडदा. फोनवर हे चित्रपट बघू नका. यांतली भुतं फ्रेमच्या कोपऱ्यात, लांबवर, बोटाएवढी उभी असतात. फोनवर ती दिसतच नाहीत.
- हेडफोन. वारा, कावळे, लाकडी जिन्याची करकर यांवर अर्धी भीती उभी असते.
- इंग्रजी सबटायटल्स. इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी चालू ठेवा. नॉरफक किंवा कॉर्नवॉलच्या बोलीतलं म्हातारं पात्र पुटपुटतं तेच नेमकं महत्त्वाचं असतं.
- डिस्क विकत घेणार असाल तर मल्टी-रीजन प्लेअर. भारताचा डीव्हीडी रीजन ५ आणि ब्लू-रे रीजन सी. ब्रिटनचे अनुक्रमे २ आणि बी. तिकडची रीजन-लॉक डिस्क इथल्या साध्या प्लेअरवर चालणार नाही. काही डिस्क रीजन-फ्री असतात, पण ते मागच्या कव्हरवर बघूनच पैसे भरा, आणि टपालाने मागवताना सीमाशुल्क लागू शकतं हे धरून चाला.
- एक छोटी नोंदवही. प्रत्येक चित्रपटाचं मूळ नाव, साल, दिग्दर्शक आणि मूळ लांबी लिहून ठेवा. हे हौसेखातर नाही, का ते पुढच्याच टप्प्यात कळेल.

स्ट्रीमिंगवर काय मिळेल ते महिन्यागणिक बदलतं, त्यामुळे ठाम पत्ता देण्यात अर्थ नाही. बीएफआय प्लेअरवर, म्हणजे ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या स्ट्रीमिंगवर, या प्रकारचा माल भरपूर असतो, मात्र ती सेवा ब्रिटनमधल्या प्रेक्षकांसाठी आहे. लंडन-बर्मिंगहॅमकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी आधी तिथेच बघावं.

३. नाव, साल आणि मिनिटं ताडून बघा

सगळ्यात जास्त माणसं इथे फसतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ब्रिटिश चित्रपट अमेरिकेत गेला की त्याचं बारसं नव्याने व्हायचं आणि बऱ्याचदा कात्रीही लागायची. ‘नाइट ऑफ द डीमन’ (१९५७) तिकडे ‘कर्स ऑफ द डीमन’ झाला आणि साधारण ९६ मिनिटांचा ८२ मिनिटांवर आला. ‘नाइट ऑफ द ईगल’ (१९६२) तिकडे ‘बर्न, विच, बर्न’ आणि ‘विचफाइंडर जनरल’ (१९६८) ‘द कॉन्करर वर्म’. ‘डेड ऑफ नाइट’ (१९४५) हा पाच गोष्टींचा चित्रपट. त्याच्या अमेरिकेतल्या पहिल्या प्रतींतून दोन गोष्टीच उडवल्या होत्या. मग या गोष्टींना जोडणारी चौकटीची कथा उडवलेल्या गोष्टींतल्या माणसांचा उल्लेख करते आणि आपण डोकं खाजवत बसतो.

दुसरा सापळा सालाचा. ‘द विकर मॅन’ २००६ मध्ये, ‘व्हिलेज ऑफ द डॅम्ड’ १९९५ मध्ये आणि ‘द हाँटिंग’ १९९९ मध्ये अमेरिकेत पुन्हा निघाले. नुसतं नाव टाकून शोधलं तर कित्येकदा हेच आधी समोर येतात. साल जोडूनच शोधा: १९७३, १९६० आणि १९६३.

मिनिटं मोजताना एक गोष्ट लक्षात ठेवा. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेम्सने चालतो, पॅल पद्धतीची (युरोप-भारतातल्या जुन्या टीव्हीची) डीव्हीडी २५ ने. म्हणजे तो ४ टक्के वेगाने पळतो आणि ९६ मिनिटांचा ऐवज ९२ मिनिटांत संपतो. यात कापलेलं काही नसतं. तफावत एवढ्यातच असेल तर खुशाल बघा. दहा मिनिटांच्या वर गेली तर दुसरी प्रत शोधा.

आता चित्राचं. सिनेमास्कोपमध्ये, म्हणजे रुंद पट्टीसारख्या चौकटीत काढलेले चित्रपट जुन्या टीव्हीसाठी दोन्ही बाजूंनी छाटले जायचे. अशा प्रती अजून फिरतात. भूत कडेला उभं असेल तर कडेबरोबर भूतही गेलं.

शेवटचा घोळ रात्रीचा. त्या काळात पैसे वाचवायला रात्रीचे प्रसंग दिवसा चित्रित करून फिल्टरने आणि लॅबमध्ये काळवंडून घ्यायचे. स्वस्तातल्या प्रतींमध्ये हे काळवंडणं नीट झालेलं नसतं. मग भर दुपारच्या लख्ख आभाळाखाली माणसं कंदील घेऊन चाचपडताना दिसतात. हसू येतं आणि प्रसंगाची वाट लागते. अशी प्रत दिसली की बंद करा, चित्रपटाबद्दल मत बनवू नका.

पोस्टरवरचा ‘एक्स’ बघून भलता समज करून घेऊ नका, हेही जाता जाता. १९५१ पासून ब्रिटिश सेन्सॉर हे प्रमाणपत्र १६ वर्षांखालच्यांना बंदी म्हणून देत असे. १९७० मध्ये ती मर्यादा १८ झाली. त्यांतले कित्येक चित्रपट आज दहावीतल्या मुलालाही दचकवणार नाहीत. काही मात्र मोठ्यांनाही जड जातात. ते सातव्या टप्प्यात.

४. पहिले तीन

पहिला ‘व्हिलेज ऑफ द डॅम्ड’ (१९६०, दिग्दर्शक वुल्फ रिला). फक्त ७७ मिनिटं, कृष्णधवल, आणि सुरुवात इतकी साधी की नवख्याला कुठे अडखळायला होत नाही. मिडविच नावाच्या गावात एक गृहस्थ फोनवर बोलता बोलता कोसळतो. मग कॅमेरा गावभर फिरतो. ट्रॅक्टरवर चालक आडवा, तबकडी एकाच जागी अडकलेली, नळ वाहतोय, इस्त्रीखाली कापड जळतंय. सगळं गाव एकाच क्षणी बेशुद्ध. संगीत जवळजवळ नाहीच. पुढे सैन्य येऊन, ही बेशुद्धी नेमकी कोणत्या रेषेपर्यंत आहे ते मोजत बसतं, तो भाग तर अगदी कारकुनी शांतपणे केलाय, आणि म्हणूनच अंगावर येतो. नंतरची सोनेरी केसांची मुलं सगळ्यांना ठाऊक असतात; माझ्या मते खरा चित्रपट त्या पहिल्या वीस मिनिटांत आहे.

दुसरा ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ (१९५९). भयपटांसाठी गाजलेल्या ब्रिटिश हॅमर कंपनीचा, टेरेन्स फिशर दिग्दर्शक, पीटर कुशिंग शेरलॉक होम्स. होम्सचा हा पहिला रंगीत चित्रपट. कथा माहीत असल्याने ताण पडत नाही आणि माळरान कसं वापरतात याकडे लक्ष देता येतं. आपल्याकडचा ‘बीस साल बाद’ (१९६२) याच कथेवरून सुचलेला, त्यामुळे दलदल, हाका आणि घराण्याचा शाप हे सामान ओळखीचंच वाटेल. गंमत अशी की डार्टमूर म्हणून दिसणारी बरीचशी जागा लंडनजवळच्या सरे परगण्यातली आहे. हॅमरचा ब्रे स्टुडिओ थेम्सच्या काठी, तेव्हा तासाभराच्या अंतरात मिळेल त्या माळावर काम भागवायचं. बकिंगहॅमशरमधलं ब्लॅक पार्क हे पाइनचं बनही असंच. पाइनवुड स्टुडिओला लागून असल्याने ते किती चित्रपटांत किती देशांचं जंगल झालंय त्याला गणती नाही. एकदा ओळखू यायला लागलं की दर दुसऱ्या चित्रपटात तीच झाडं भेटतात.

तिसरा ‘नाइट ऑफ द डीमन’. यासाठी एक अख्खी संध्याकाळ राखून ठेवा, आणि ९६ मिनिटांचीच प्रत घ्या. एम. आर. जेम्स यांच्या १९११ च्या कथेवरून जाक तुर्नरने केलेला हा चित्रपट. कार्सवेल नावाचा श्रीमंत गृहस्थ आईबरोबर गावाबाहेरच्या हवेलीत राहतो. तो ज्याच्या हातात रून या प्राचीन युरोपीय लिपीतला कागदाचा कपटा सरकवतो, तो माणूस ठरलेल्या दिवशी मरतो. सुटकेचा मार्ग एकच: कपटा त्याच्याच हातात परत सरकवायचा, त्याने तो आपणहून घ्यायला हवा.

एक प्रसंग बारकाईने बघा. कार्सवेल विदूषकाचा वेश करून अंगणात गावच्या पोरांना जादूचे खेळ दाखवतोय. टोपीतून पिल्लं काढतोय. अमेरिकन शास्त्रज्ञ पाहुणा त्याची टर उडवतो. कार्सवेल शांतपणे कपाळ चोळतो, आणि उन्हातल्या त्या अंगणात अचानक असं वादळ सुटतं की खुर्च्या उडतात, पोरं किंचाळत घरात पळतात. हिरवळ तीच, चहाची टेबलं तीच, आणि तोंडाला रंग फासलेला माणूस मधोमध उभा. या सगळ्या प्रकाराचं मर्म मला तिथे सापडतं.

आणि सुरुवातीलाच राक्षस दिसला म्हणून नाराज होऊ नका. तुर्नरचा भर न दाखवण्यावर. निर्माता हॅल चेस्टरला राक्षस हवाच होता. निर्माता जिंकला. यावर चाहते अजून भांडतात. मी दिग्दर्शकाच्या बाजूचा, पण तो राक्षस दिसायला वाईट नाही हे कबूल करायला हवं.

५. हॅमरची कॉर्नवॉल जोडी

‘द प्लेग ऑफ द झॉम्बीज’ आणि ‘द रेप्टाइल’, दोन्ही १९६६, दोन्हींचा दिग्दर्शक जॉन गिलिंग. लागोपाठच्या दोन रात्री बघा, कारण ब्रेच्या आवारात उभारलेलं एकच गाव दोन्हींत वापरलंय. तेच चर्च, तोच उतार, तोच पब. बचतीतून आलेली ही युक्ती, पण दुसऱ्या रात्री आपण त्या गावात परत आल्यासारखं वाटतं.

‘प्लेग’ नुसता भुतांसाठी बघितलात तर अर्धा हातचा जाईल. गावचा स्क्वायर हैतीहून काळी विद्या शिकून आलाय आणि मेलेल्या गावकऱ्यांना उठवून आपल्या कथलाच्या खाणीत राबवतोय. मजुरी नाही, तक्रार नाही. त्याचे घोडेस्वार मित्र अंत्ययात्रेत घुसतात आणि शवपेटी खाली पडते, तेव्हा वर सांगितलेली उतरंड एका फटक्यात उलगडते. ‘द रेप्टाइल’मध्ये शाप येतो बोर्निओहून. साम्राज्याने पूर्वेत जाऊन जे उकरलं ते इंग्लंडच्या खेड्यात घरी परत येतं, असा हा साचा. आपल्यासारख्या प्रेक्षकाला त्यातला ‘गूढ पूर्वे’चा मसाला खटकणार, खटकायलाच हवा, तरी त्यामागची अपराधी भावना बघण्यासारखी आहे.

६. वाडा आणि किनारा

आता डोळे तयार झालेत. ‘द इनोसंट्स’ (१९६१, दिग्दर्शक जॅक क्लेटन) लावा. पडदा काळाच राहतो आणि एक मुलगी गाणं म्हणत असते. प्रत बिघडलेली नाही, चित्रपट असाच सुरू होतो. बाहेरच्या बागा आणि वाडा ससेक्समधल्या शेफील्ड पार्कचा. डेबोरा कर गव्हर्नेस आहे, दोन गोड मुलं आहेत, आणि पूर्वी इथे राहून मेलेली दोन माणसं अजून इथेच आहेत, निदान तिला तसं वाटतं.

छायाचित्रण फ्रेडी फ्रान्सिसचं. स्टुडिओने सिनेमास्कोपची सक्ती केली होती आणि त्या अतिरुंद चौकटीचं करायचं काय हा प्रश्न होता. त्याने रंगवलेले फिल्टर लावून चौकटीच्या कडा काळोख्या करून टाकल्या. त्यामुळे मेणबत्तीचा उजेड मध्ये, आणि दोन्ही बाजूंना नजर सारखी ओढणारा अंधार. म्हणूनच छाटलेली प्रत इथे अजिबात चालणार नाही. तळ्याकाठचा प्रसंग मात्र दिवसाउजेडीचा. पलीकडच्या काठावर, लव्हाळ्यात, काळ्या कपड्यांतली एक बाई उभी आहे. ती काही करत नाही. इतकंच.

यानंतर टीव्हीकडे वळा, कारण या प्रकारातलं काही सर्वोत्तम काम बीबीसीने केलंय. एम. आर. जेम्स केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचे प्रोव्होस्ट, म्हणजे प्रमुख. नाताळच्या रात्री मित्रांना जमवून स्वतः लिहिलेल्या भुताच्या गोष्टी वाचून दाखवायचे. तोच धागा पकडून बीबीसीने १९७१ ते १९७८ दर नाताळला एक भुताची गोष्ट दाखवली. त्यातल्या बहुतेक लॉरेन्स गॉर्डन क्लार्क यांनी दिग्दर्शित केल्या. प्रत्येक जेमतेम तीस ते पन्नास मिनिटांची, म्हणजे जेवणानंतर एक संपते.

क्रम असा ठेवा. आधी १९६८ चं ‘व्हिसल अँड आय’ल कम टू यू’, जोनाथन मिलरचं, या मालिकेच्या आधीचं. मायकेल हॉर्डर्नचा प्राध्यापक स्वतःशी पुटपुटत ओसाड किनाऱ्यावर फिरतो आणि पडक्या कबरीतून एक शिटी उचलतो. मग ‘द सिग्नलमन’ (१९७६), डिकन्सच्या कथेवरचं, डेनहोम एलियटच्या घाबरलेल्या चेहऱ्यासाठी. डिकन्स स्वतः १८६५ मध्ये स्टेपलहर्स्टच्या रेल्वे अपघातातून वाचले होते. ही कथा त्यानंतर वर्षभराने आली.

आणि ‘अ वॉर्निंग टू द क्युरिअस’ (१९७२). नोकरी गेलेला कारकून पॅक्सटन पुरलेला एक प्राचीन मुकुट शोधायला किनाऱ्यावरच्या गावी येतो. परकी स्वारी रोखणारा तो मुकुट, आणि त्याची राखण करणारं एक घराणं होतं. घराणं संपलंय, राखण संपलेली नाही. पॅक्सटन पाइनच्या बनात खणतो तेव्हा लांबवर झाडांत एक काळा ठिपका असतो. पुढच्या दृश्यात तो थोडा जवळ. कोणी दचकवत नाही, आवाज वाढत नाही. नॉरफकचा सपाट, फिकट हिवाळी किनारा, जिथे मैलभरावरचा माणूसही दिसतो, त्याचा इतका दुष्ट वापर मी दुसरीकडे पाहिलेला नाही. नारायण धारपांच्या कथा वाचून वाढलेल्यांना ही मंद आच लगेच कळेल.

७. आता ते तीन

हल्ली ज्याला फोक हॉरर म्हणतात त्याचे आधारस्तंभ हे तीन: ‘विचफाइंडर जनरल’, ‘द ब्लड ऑन सेटन्स क्लॉ’ (१९७१) आणि ‘द विकर मॅन’ (१९७३). इथे भूत-राक्षस मागे पडतात आणि गावकरीच पुढे येतात.

आधी इशारा. पहिल्यात छळाचे प्रसंग आहेत, दुसऱ्यात एका मुलीवरचा बलात्कार आहे. घरच्यांबरोबर बसून बघायचे हे चित्रपट नव्हेत.

‘विचफाइंडर’ १६४५ मध्ये, इंग्लंडमधल्या यादवी युद्धात घडतो. मॅथ्यू हॉपकिन्स हा खराखुरा माणूस होता. पूर्व इंग्लंडात गावोगाव फिरून पैसे घेऊन चेटकिणी शोधून द्यायचा. व्हिन्सेंट प्राइसने एरवीचा नाटकीपणा आवरून केलेली ही भूमिका. सफकच्या हिरव्यागार शेतांवर कोवळं ऊन पडलेलं, आणि टेकडीवर फाशीचा खांब ठोकला जातोय. निसर्गाला काही सोयरसुतक नाही, हे मायकेल रीव्ह्जने जितकं निर्दयपणे दाखवलं तितकं कोणी दाखवलं नाही. १९६९ मध्ये, वयाच्या अवघ्या २५ व्या वर्षी तो गेला. सेन्सॉरने याला बरंच कापलं होतं, तेव्हा पूर्ववत केलेली प्रतच घ्या. ‘सेटन्स क्लॉ’ नांगराच्या तासात सापडलेल्या कवटीपासून सुरू होतो. गोष्ट मध्ये विस्कटते, तरी कॅमेरा ढेकळांच्या उंचीवर ठेवून काढलेली ती शेतं विसरता येत नाहीत.

आता ‘द विकर मॅन’. बघायच्या आधी त्याची चित्रं शोधू नका. पोस्टर, डिस्कचं कव्हर, स्ट्रीमिंगवरचा छोटा फोटो, सगळे शेवट उघडा पाडतात. कोणाला तरी लावून द्यायला सांगा आणि कव्हर उलटं ठेवा.

प्रती मुख्यतः तीन. चित्रपटगृहात लागलेली ८७ मिनिटांची, सुमारे १०० मिनिटांची लांब आवृत्ती, आणि २०१३ मध्ये आलेली ‘फायनल कट’, दोन्हींच्या मधली. मूळ निगेटिव्ह हरवल्यामुळे लांब आवृत्तीतल्या काही दृश्यांचं चित्र खराब दिसतं. ते तसंच आहे, तुमच्या टीव्हीचा दोष नाही. पहिल्यांदा बघताना ‘फायनल कट’ घ्या. छोट्या आवृत्तीत बेटावरच्या दोन रात्रींची एक झालीय, त्यामुळे नायक सार्जंट होवीची हळूहळू होणारी कोंडी घाईची वाटते.

हा धर्मनिष्ठ पोलीस हरवलेल्या मुलीच्या शोधात समरआयल बेटावर उतरतो. अशी मुलगीच नाही, म्हणतात सगळे, हसत हसत. बेट ख्रिस्तपूर्व देव मानतं. वसंताचा सण जवळ आलाय, झाडं फुललीत. वास्तविक चित्रीकरण झालं १९७२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, नैर्ऋत्य स्कॉटलंडच्या थंडीत, आणि झाडांवरची फुलं खोटी लावलेली होती. ते डोळ्याला कुठेतरी जाणवतं: मोहर आहे पण ऊब नाही. गाणी पुढे ढकलू नका, सगळा पुरावा गाण्यांत आहे. आणि सहाव्या टप्प्यापर्यंतचं पाहून आलात तर एव्हाना सार्जंटच्या आधी तुम्हाला कळलेलं असेल की या गावात प्रश्न विचारण्यात अर्थ नाही.

८. भुतांचा कंटाळा आला तर रहस्यपट

थोडक्यात सांगतो. ‘अ कँटरबरी टेल’ (१९४४): केंटमधल्या गावात रात्री कोणीतरी मुलींच्या केसांत गोंद ओततंय. रहस्य किरकोळ, पण वाटा आणि कुरणं अप्रतिम. ‘वेंट द डे वेल?’ (१९४२): गावात मुक्कामाला आलेले सैनिक दिसतात तसे इंग्रज नाहीत, पोस्टमास्तरीण बाईंचा प्रसंग चुकवू नका. ‘ग्रीन फॉर डेंजर’ (१९४६): युद्धकाळातलं ग्रामीण रुग्णालय, शस्त्रक्रियेच्या टेबलावर मृत्यू, आणि अलिस्टेअर सिमचा चक्रम इन्स्पेक्टर. घरात सगळ्यांनी मिळून बघायला ‘मर्डर, शी सेड’ (१९६१). मार्गारेट रदरफर्डची मिस मार्पल पुस्तकातल्यासारखी मुळीच नाही, आणि त्याने काही बिघडत नाही. ‘डेड ऑफ नाइट’ या गटाचा आणि भुतांचा दुवा. तो शेवटी, पूर्ण प्रतीत.

९. ब्रिटनमध्ये असाल तर जागा बघून या

मिडविच म्हणजे हर्टफर्डशरमधलं लेचमोर हीथ. तिथे जन्माष्टमीला जाऊन आलेली मराठी कुटुंबं पुष्कळ असतील, पण चित्रपटातलं गाव ते हेच हे अनेकांना माहीत नसतं. जॉर्ज हॅरिसनने १९७३ मध्ये इस्कॉनला दिलेलं भक्तिवेदांत मॅनर या गावालाच लागून आहे. मंदिरातून निघून गावातल्या हिरवळीकडे चालत जा. तळं आणि ‘थ्री हॉर्सशूज’ पब तिथेच आहेत. लोक राहतात तिथे, त्यामुळे घरांच्या खिडक्यांसमोर उभं राहून फोटो काढू नका.

‘वेंट द डे वेल?’चं गाव बकिंगहॅमशरमधलं टर्व्हिल. ‘विचफाइंडर’चा चौक सफकमधल्या लॅव्हनमचा, लाकडी चौकटींची वाकडी घरं अजून तशीच आहेत. पॅक्सटनचा किनारा नॉरफकमध्ये होल्कम आणि वेल्स-नेक्स्ट-द-सी यांच्या आसपास. तिथे भरतीचं पाणी सपाट वाळूवर फार झपाट्याने चढतं, म्हणून निघण्याआधी भरतीच्या वेळा बघा. होल्कमला गाडीने जाणार असाल तर लेडी ॲन्स ड्राइव्हवर पार्किंग आहे, पैसे पडतात, आणि उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी ते लवकर भरतं. हिवाळ्यात जा.